खणखणाट आणि किणकिण

क्लँग, क्लँक, क्लिंक, क्लॅटर, क्लॅश, रॅटल, जँगल, डिंग, बँग.

माझी लेक चौथीत आहे, इंग्रजी माध्यमात. हे शब्द तिच्या वर्कशीटवरचे. वर शीर्षक होतं 'धातूचे मोठे आवाज' आणि खाली सूचना, की प्रत्येक शब्दाला समानार्थी शब्द शोधा व वाक्यात उपयोग करा. 'जँगल'पुढे तिने पेन्सिलीने एक वाघ काढून ठेवला होता. हा शब्द जंगलाचा नसून किल्ल्यांच्या जुडग्याच्या आवाजाचा आहे, असं सांगितल्यावर तिने वाघाच्या शेपटीला एक जुडगा अडकवला आणि विचारलं, "पप्पा, हे सगळे शब्द एकच ना? मग इतके कशाला केले?"

प्रश्न चांगला होता. मी बी. ई. करून गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे एकाच कामासाठी कोणी नऊ फंक्शन लिहिली तर लगेच विचारणा होते. भाषेला अशी विचारणा करणारं कोणी नसतं, तरीही भाषेत उगाच काही टिकत नाही. म्हणून आम्ही दोघांनी हे शब्द प्रत्यक्ष वाजवून पाहायचं ठरवलं. स्टीलचं ताट, चमचे, कपाटाच्या किल्ल्या, पितळेची घंटी, डब्यांची झाकणं असं सामान गोळा झालं. रविवारची दुपार होती. आई म्हणाली, "आता घराचं कारखान्यात रूपांतर करा."

तसं पाहिलं तर चलथाणला राहणाऱ्या माणसाला आवाजाचं नवल नाही. एका बाजूला साखर कारखाना, हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या, पलीकडे मुंबई-अहमदाबाद हायवे, आणि गावातून जाणारी उधना-जळगाव रेल्वेलाइन. याच लाइनीने आपल्यापैकी कितीतरी खानदेशी कुटुंबं सुरतेत आली. आमचं कुटुंबही अमळनेरकडून याच गाडीने आलं. मालगाडी सुटताना डब्यांमागून डब्यांना जो हिसका बसत जातो, त्याचा आवाज रात्री आमच्या खोलीपर्यंत येतो. लहानपणापासून हे सगळं कानावर आहे. पण त्या आवाजांना नावं किती आणि ती तशीच का, याचा विचार या वर्कशीटमुळे झाला.

ताट तेच, चमचा तोच

पहिला प्रयोग असा. स्टीलचं ताट दोऱ्याने टांगलं आणि त्यावर चमचा मारला. आवाज घुमत राहिला. हा क्लँग. मग ताटाची कड दोन बोटांत धरली आणि पुन्हा चमचा मारला. आवाज आला आणि तिथेच मेला. हा क्लँक. ताट बदललं नाही, चमचा बदलला नाही, फक्त बोट लावलं. इंग्रजीने त्यासाठी शेवटचं एकच अक्षर बदललं आहे. शेवटी 'ग' असेल तर आवाज मागे रेंगाळतो, 'क' असेल तर तो दाबला जातो.

मग पेल्याला चमचा लावला. हा क्लिंक. 'अ‍ॅ'च्या जागी 'इ' आली की वस्तू लहान आणि आवाज बारीक झाला. डिंग आणि डाँग यांतही तोच फरक आहे. डब्यांची चार झाकणं ओट्यावरून एकदम खाली टाकली, तो क्लॅटर. पुष्कळ आवाज, एकामागून एक, कोणाचा कोणाला मेळ नाही. दोन झाकणं एकमेकांवर आपटली की क्लॅश. थोडक्यात, हे शब्द समानार्थी नाहीतच. ते एकाच घराण्यातले आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

हे काही माझं संशोधन नाही. अशा अर्थ सुचवणाऱ्या ध्वनींच्या गुच्छांना जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली 'फोनेस्थीम' असं नाव दिलं. गंमत म्हणजे हे फर्थसाहेब त्याआधी काही वर्षं लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. आपल्याकडच्या भाषा त्यांच्या कानावरून गेल्या असणार. आणि या बाबतीत आपल्या भाषा किती श्रीमंत आहेत, ते पाहायला लाहोरला जायची गरज नाही.

ण वाजतो, ड खडखडतो

तेच ताट, तोच चमचा आणि आता मराठी. टांगलेलं ताट ठणठणतं. बोटांत धरलं की नुसतं ठक् होतं. सैल झाकणं खडखडतात. बांगड्या किणकिणतात, भांडी खणखणतात, देवळातली मोठी घंटा घणघणते. शटर कधी खणखणत नाही, ते खडखडतंच. आणि नाणं जमिनीवर पडून खडखडलं असं कोणी म्हणत नाही, ते खणखणतं.

लेकीला मी हे शब्द दोन रांगांत लिहून दिले. एकीकडे किणकिण, खणखण, घणघण, ठणठण, झणझण, टणटण. दुसरीकडे खडखड, धडधड, कडकड, गडगड. तिनेच शोधून काढलं, की पहिल्या रांगेत सगळीकडे 'ण' आहे आणि दुसऱ्या रांगेत 'ड'. इंग्रजीत जे काम शेवटचा 'ग' करतो, ते आपल्याकडे 'ण' करतो. 'ण' म्हणताना आवाज नाकातून थोडा वेळ चालू राहतो, जसा धातू ठोकल्यावर वाजत राहतो. 'ड'ला जीभ आपटून खाली येते आणि संपतं. ज्याचा नाद मागे राहतो त्याला 'ण', ज्याचा राहत नाही त्याला 'ड'. पैंजणांच्या छुमछुमीसारखे अपवाद आहेत, पण बहुतेक ठिकाणी हिशेब जुळतो.

आकाराचाही हिशेब आहे. किणकिण बारीक, खणखण मध्यम, घणघण मोठी. 'कि'पासून 'घ'पर्यंत जसं उतरत जावं तशी वस्तू जड होत जाते. आणि आवाज वाढून गोंगाट झाला की मागे 'आट' लागतो. खणखणाट, घणघणाट, खडखडाट. आपण शाळेत हे 'अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द' म्हणून पाठ केले होते. तलवारींचा खणखणाट, विजांचा कडकडाट, पैंजणांची छुमछुम. एका गुणाला जोड्या लावायच्या. त्या जोड्यांच्या आत एवढी व्यवस्था लपलेली आहे, हे तेव्हा कोणी दाखवलं नव्हतं.

घणघणाट ऐकायचा असेल तर कधी वाईजवळच्या मेणवलीला जा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक भलीमोठी घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यानंतर तिकडच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या ठिकठिकाणच्या देवळांत आल्या, त्यांतली ही एक. इतकी मोठी घंटा किणकिणणार नाही. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही अशीच प्रसिद्ध आहे.

आवाजातून निघालेले शब्द

इंग्रजीत हे शब्द बहुतेक आवाजापुरते राहिले. आपण मात्र त्यांना संसारात आणलं. खणखणीत नाणं म्हणजे खरं नाणं, कारण पूर्वी व्यापारी रुपया दगडावर वाजवून घेत. चांदी खरी असेल तर नाद स्वच्छ यायचा, भेसळ असेल तर बद्द वाजायचा. मडकं अजूनही आपण वाजवूनच घेतो. त्यातून मग माणसाचा आवाजही खणखणीत झाला आणि उत्तरही. तब्येत चांगली असली की माणूस ठणठणीत. पण खिशात काही नसलं की ठणठणगोपाळ, कारण रिकामं भांडंही ठणठणतं. तिजोरीत काही उरलं नाही की तिथे खडखडाट. दाढ ठणकते, आपण एखाद्याला ठणकावून सांगतो, आणि खानदेशची शेवभाजी झणझणीत असते. कानाला जे झण होतं तेच जिभेला होतं, हे ज्याने पहिल्यांदा ओळखलं त्याला माझा नमस्कार. आणि घरात कुरबूर झाली की आपल्या बायका म्हणतातच, भांड्याला भांडं लागायचंच.

माझ्या धंद्यातही हे आवाज आहेत, फक्त लक्षात येत नाहीत. संगणकाच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या 'आस्की' कोष्टकात सातवा क्रमांक कुठल्याही अक्षराचा नाही. तो घंटेचा आहे. जुन्या टेलिप्रिंटरमध्ये तो संकेत आला की खरोखरची छोटी घंटा वाजायची, म्हणजे समोरच्या माणसाला कळायचं की संदेश आला. दुसरं संगणक चालू आहे की नाही हे पाहायला आम्ही रोज 'पिंग' करतो. अमेरिकेतल्या माइक मस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये तो प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. आवाज सोडायचा आणि तो परत येतो का हे ऐकायचं. मराठीत त्याला 'टिंग' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आणि एक पक्षी. उन्हाळ्यात चलथाणच्या वडा-पिंपळांवर दुपारभर टुक, टुक, टुक असा एकसुरी आवाज येत राहतो. हिरवा, चिमणीएवढा, कपाळावर आणि गळ्याखाली लाल. मराठीत तो तांबट, इंग्रजीत कॉपरस्मिथ, गुजरातीत कंसारो. तिन्ही नावांचा अर्थ तांब्यापितळेची भांडी घडवणारा. तीन भाषांतल्या लोकांनी झाडावरचा आवाज ऐकला आणि तिघांनाही हातोडीच आठवली. लेकीला ही गोष्ट सगळ्यांत आवडली.

मला मात्र खऱ्या तांबटांची आठवण झाली. पुण्यात कसबा पेठेजवळ तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके एकाला एक लागून मारून मठारकाम करतात. एका हंड्यावर किती ठोके पडत असतील, आणि प्रत्येक ठोका आधी कोणाच्या कानावर पडत असेल? इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलं आहे, की दिवसभर तांबं ठोकून या लोकांचे कान आधी मंद होतात आणि म्हातारपणी ते बहिरे होतात. तीनशे वर्षांपूर्वीचं हे वाचताना मला आमच्या घरातलं माणूस दिसत होतं.

आप्पांचे कान

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांनी पस्तीस वर्षं फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काम केलं. डाइंग मिलच्या टाक्या, पाइप, बॉयलरची दुरुस्ती. पत्रा घणाने सरळ करायचा, वेल्डिंगवरचा थर छन्नीने उडवायचा, ग्राइंडर फिरवायचा, आणि कधी बॉयलरच्या आत उतरून साचलेला क्षार ठोकून काढायचा. लोखंडी पिंपात बसून बाहेरून कोणी घण घातला तर काय होईल, याची कल्पना करा. ते त्यांचं रोजचं काम होतं. कानात घालायला काही मिळत नसे. कधी कोणी कापसाचे बोळे घालायचं, तर बाकीचे हसायचे.

गेल्या काही वर्षांत आप्पांचं बोलणं मोठं झालं होतं आणि टीव्हीचा आवाजही. दर वाक्याला "काय म्हनस?" यायला लागलं. 'साखर' म्हटलं की ते 'भाकर' ऐकायचे. पण विचारलं की म्हणायचे, "मला चांगलं ऐकू येतं. तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता." आणि त्यात तथ्यही होतं. मालगाडीचा हिसका त्यांना ऐकू यायचा. देवळातली घंटा यायची. हायवेवरचा हॉर्न यायचा. मग बहिरा म्हणणार कसं?

त्या रविवारी आमचा भांड्यांचा प्रयोग चालू असताना आप्पा तिथेच खुर्चीवर बसले होते. लेकीने त्यांनाही खेळात घेतलं. पाठ करून बसायचं आणि कोणता आवाज ते ओळखायचं. लोखंडी तव्यावर बत्ता आपटला, आप्पा म्हणाले, "घण." ताट वाजवलं, जरा थांबून म्हणाले, "ताट." चमचा पेल्याला लावला, काही नाही. किल्ल्या हलवल्या, काही नाही. आजीच्या हातातल्या बांगड्या त्यांच्या मागे दोन हातांवर किणकिणल्या, तरी आप्पा वाट पाहत बसले होते. "वाजव ना," असं म्हणाले.

लेक हसली नाही. आजीही हसली नाही.

वर मी जो 'कि' पासून 'घ' पर्यंतचा जिना सांगितला, तो जिना आप्पांच्या कानात वरून तुटला होता. घणघण शाबूत, खणखण अर्धी, किणकिण गेलेली.

पुढच्या आठवड्यात आम्ही सुरतेला कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून ऑडिओग्रॅम काढला. जाड आवाजांना रेघ बरी होती आणि ४,००० हर्ट्झच्या आसपास ती दरीत कोसळली होती. डॉक्टर म्हणाले, ठोकाठोकीच्या कामातल्या लोकांचा आलेख ओळखीचाच असतो. आवाज आधी तिथे मारतो. बांगड्यांची किणकिण तिथेच राहते, आणि आपल्या बोलण्यातले स, श, क, ट, फ हे बारीक ध्वनीही त्याच भागात येतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. म्हणून माणसाला वाटतं की आपल्याला ऐकू येतंय, लोकच पुटपुटतात. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी आवाज पकडतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

मग तिथला एक फॉर्म भरायचा होता. कानात आपोआप आवाज येतो का? येत असेल तर कसा? पुढे इंग्रजीत पाच चौकटी होत्या. रिंगिंग, बझिंग, हिसिंग, रोअरिंग, क्लिकिंग. डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, "केवो अवाज आवे छे, काका?" आप्पांनी कधीच आम्हाला सांगितलं नव्हतं की असा आवाज येतो. सगळ्यांनाच येत असेल, असं त्यांना वाटत होतं.

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "टणटण नाही. टणटणला मध्ये थांबा असतो. पत्र्यावर घण मारून आपण हात थांबवला, की मागे जे राहतं ना झिणऽऽऽ, ते. फक्त ते संपत नाही. रात्री जास्त."

दोन्ही कानांत? हो. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड? नाही. टक टक? नाही. मी 'रिंगिंग'च्या चौकटीत खूण केली आणि बाजूला आप्पांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. डॉक्टरांनी सांगितलं की हे नीट सांगणं उपयोगाचं असतं. नाडीबरोबर येणारा आवाज रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवतो, एकाच कानात येणारा आवाज वेगळ्या तपासण्या मागतो, टकटकीचं कारण कधी स्नायूंत असतं. आप्पांना इंग्रजी येत नाही, गुजराती कामापुरतं येतं. पण 'टण' आणि 'झिण' यांतला फरक त्यांना ठाऊक होता आणि तपासणीला तेवढा पुरला.

पंधरा मिनिटं

घरी आल्यावर मी जरा वाचलं. डेसिबल हे माप टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून आहे. त्यांची आई आणि पत्नी दोघीही बहिऱ्या होत्या. या मोजपट्टीवर दर १० ला आवाजाची ऊर्जा दहा पट होते, म्हणून ९० आणि १०० यांतला फरक दिसतो तेवढा लहान नाही. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा आहे, की ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. असं करत १०० ला पोचलं की पंधरा मिनिटं. घण आणि पत्रा १०० च्या वर सहज जातात. आपल्यातले जे लोक लूमच्या खात्यात राबले, त्यांच्याही डोक्यावर धोट्याच्या मागांचा आवाज १०० च्या आसपास असायचा. तिथे शिफ्ट बारा-बारा तासांची.

ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरांनी १८८६ मध्येच बॉयलर बनवणाऱ्या कामगारांचे कान तपासून हे दाखवून दिलं होतं. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या रोगांच्या यादीतही आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचं नाव होतं, म्हणजे डॉक्टरला असा रोगी दिसला तर त्याने कळवायचं असायचं. कायदा होता, शास्त्र होतं, कापसाचे बोळे घालणाऱ्याला हसणारेही होते. आप्पांच्या पिढीला वाटायचं की पोट भरायचं तर कान द्यावे लागतात. त्यांनी ते दिले. त्यातून माझी फी भरली गेली, हे मला माहीत आहे, आणि त्यांना ते कधी बोलून दाखवावंसं वाटलं नाही.

कानाचं मशीन

मशीन घ्यायला आप्पा तयार नव्हते. म्हातारे दिसू, हे एक कारण, आणि किंमत हे दुसरं. शेवटी नातीने सांगितलं, "आबा, माझा आवाज पण बारीक आहे. तो पण जाईल." त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "कधी जायचं?"

मशीन लावल्यावर सगळं छान झालं असं सांगितलं तर खोटं होईल. पहिल्या आठवड्यात ते दोनदा काढून फेकणार होते. आईने भांडी घासायला घेतली की ते कान धरून अंगणात जायचे. अशा कानाची अडचण अशी असते, की हळू आवाज येत नाही आणि मोठा आवाज एकदम अंगावर येतो. मशीन सगळंच वाढवतं. ऑडिओलॉजिस्ट ताईंकडे पुन्हा गेलो. त्या सुरतेच्याच, पण शाळा मराठी. त्यांनी विचारलं, काय त्रास होतो? आप्पा म्हणाले, "किणकिण राहू द्या. खणखण कमी करा. खडखड तर काढूनच टाका."

ताई हसल्या, पण त्यांना नेमकं कळलं. संगणकावर मशीन जोडून त्यांनी अचानक येणारे टोकदार आवाज दाबणारी सेटिंग वाढवली, बारीक आवाजांचा पट्टा तसाच ठेवला, मग एका वाटीत चमचा आपटून पाहिला. "आता?" "आता चालेल." एवढं करायला तीन चकरा झाल्या. माणसाला मेंदूची सवय बदलायला काही आठवडे लागतात, रोज थोडे तास वाढवत न्या, असं त्यांनी सांगितलं. झिणऽऽ मात्र गेलेलं नाही. बाहेरचे आवाज परत आल्यामुळे ते मागे पडलं आहे, एवढंच. रात्री आप्पा पंखा चालू ठेवून झोपतात, म्हणजे ते कमी जाणवतं.

महिन्याभराने एका दुपारी ते गच्चीवरून ओरडले. काय झालं म्हणून मी धावत वर गेलो. पिंपळाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा टुकटुक्या किती दिवसांनी आला रे!" तो दर वर्षी येतो, आप्पा. मी तसं बोललो नाही.

आपल्या घरी

या मासिकाचे वाचक बहुतेक माझ्याच वयाचे किंवा माझ्याहून लहान आहेत. आपल्यातल्या अनेकांचे वडील, काका, मामा लूमवर, वर्कशॉपमध्ये, रेल्वेत किंवा प्रेसवर राबले. त्यांना "ऐकू येतं का?" असं विचारू नका, उत्तर 'हो'च येणार. त्यापेक्षा पाठीमागे किल्ल्या हलवा, पेल्याला चमचा लावा, बांगड्या वाजवा. हा काही वैद्यकीय तपास नाही, पण तपासाला न्यायचं की नाही हे ठरवायला पुरेसा आहे. कानात आपोआप काही वाजतं का, तेही विचारा, आणि ते ज्या शब्दात सांगतील त्याच शब्दात कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. झिणझिण, गुणगुण, सूंसूं, टकटक, धडधड, सगळे वेगळे आहेत. आपण त्यांचा घाईने 'साउंड' करून टाकतो.

आणि आपले स्वतःचे कान. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे, की इअरफोनवर ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. आवाज वाढला की तास कमी करायचे. काही फोनमध्ये हे मोजायची सोय असते. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांना कानात घालायचे फोमचे बोळे दिले तर ते हसतील. हसू द्या.

आमच्या शेजारचा एक मुलगा नुकताच फॅब्रिकेशनच्या कामाला लागला आहे. आयटीआय केलेला, हुशार. आप्पांनी त्याला घरी बोलावून घेतलं, माझ्याकडून मागवलेले कानावर बसवायचे मफ त्याच्या हातात दिले आणि ठणकावून सांगितलं, "शेठ देवो न देवो, हे घालायचं. कोणी हसलं तर माझ्याकडे पाठव. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तुझ्या आईच्या बांगड्या ऐकायच्या. ज्या दिवशी किणकिण कमी आली, त्या दिवशी समज की आज कानावर जास्त पडलं. दुसऱ्या दिवशी घणापासून लांब राहा."

मुलगा मफ घेऊन गेला. घालतो का, ते आप्पा दर दोन दिवसांनी त्याच्या आईला विचारून घेतात.